वडावरची पोती

आमच्या गावात जनावर आडलं की पहिला निरोप आबांना जायचा. आबा म्हणजे माझे वडील. गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. थोडी कपाशी, थोडा ऊस आणि एक मोडक्या शिंगाची म्हैस एवढाच आमचा पसारा. पण आबांची ओळख शेतीवर नव्हती, हातांवर होती. वासराचा पाय आत अडकला, वार पडली नाही, की लोक आमच्या दारात. वार म्हणजे वासरामागून बाहेर पडते ती पिशवी. ती वेळेवर पडली नाही तर आत सडते आणि जनावर हातचं जातं. आबा खांद्यापर्यंत हात घालून ती सोडवायचे. डोळे मिटलेले आणि तोंडानं म्हशीशी बोलणं चालू. "हं माय, झालं गं, झालं. थोडं सोस." त्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. चहा घ्यायचे आणि खरवसाची वाटी घरी यायची, बस.

वार पडली की ती पोत्यात बांधून ओढ्याकाठच्या वडाला टांगायची, हेही आबांचंच काम. वडाला दुधासारखा चीक असतो, म्हणून त्याच्या फांदीला वार बांधली की म्हशीला दूध भरपूर येतं अन् नजर लागत नाही, असं आमच्याकडं मानतात. त्या वडाला कायम पाच-सात पोती लटकलेली. काही वाळून कडक झालेली, एखादं ताजं, ठिबकणारं. खाली कुत्री वर माना करून बसलेली. झाडाखालीच ओढ्याचा उतार आणि तिथंच गावची ढोरं पाण्यावर यायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. शाळेत झाडाचं चित्र काढा म्हटलं तर मी फांद्यांना पोती काढली होती. बाईंनी विचारलं, "हे काय, वटवाघळं का?"

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. मी गेले. शहरात राहून बी. एस्सी. केलं, मग लॅबचा डिप्लोमा केला, आणि आता छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, "वडील काय करतात?" मी म्हणायचे, "शेती." ते खोटं नव्हतं. पण वार काढण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. तो वास एकदा हाताला लागला की दोन दिवस जात नाही. माझ्या मैत्रिणींच्या नाकापर्यंत तो जाऊ नये असं मला वाटायचं.

तर त्या हिवाळ्यात आबांना ताप यायला लागला.

ताप संध्याकाळी चढायचा, घाम फुटून उतरायचा, चार दिवस काहीच नाही, की पुन्हा. कंबर धरलेली. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. माय फोनवर म्हणाली, "बाई, तुझा बाप वाळत चाललाय. उसाच्या पाचटावाणी दिसायलाय." मी म्हटलं, आण इकडं, माझा दवाखाना कशासाठी आहे?

आबा एसटीनं आले. मी त्यांना माझ्या हातानं खुर्चीत बसवलं, माझ्या हातानं रक्त काढलं. नमुन्याचा फॉर्मही मीच भरला. वय, गाव, तक्रार. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, शेती. टायफॉईडची तपासणी मीच लावली. थोडी पॉझिटिव्ह आली. आमच्या भागात ती अनेकांची थोडी येते, हे मला शिकवलेलं होतं, पण बापाचा रिपोर्ट हातात असला की शिकलेलं बाजूला राहतं. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरसाहेबांकडं गेले आणि छाती काढून म्हणाले, "सर, टायफॉईडच आहे." त्यांनी गोळ्या लिहिल्या. आबा माझ्याकडं असं बघत होते की जणू गोळ्या मीच तयार केल्यात.

"दवाखान्यात माझी पोरगी हाय," ते बाहेर बाकड्यावरच्या अनोळखी माणसाला सांगत होते. "रक्त बघून सांगती काय झालं ते."

ताप गेला, आणि पंधरा दिवसांनी परत आला. पुन्हा आणलं, पुन्हा मीच रक्त काढलं, पुन्हा तीच तपासणी, पुन्हा त्याच गोळ्या, जरा जास्त ताकदीच्या. तिसऱ्या वेळी आबा दोन माणसांच्या आधारानं जीपमधून उतरले. कमरेत वाकलेले. मला म्हणाले, "आता गोठ्यात बसता येत नाय गं. परवा कुणाची तरी म्हैस आडली, मला निरोप आला, अन् मी खाटंवरून उठलो नाय." तापाचं ते काहीच बोलले नाहीत. गोठ्यात बसता येत नाही, हेच त्यांच्या मनाला लागलं होतं.

आमच्या लॅबमधले सगळ्यांत जुने टेक्निशियन म्हणजे चाचा. सगळा दवाखाना त्यांना चाचाच म्हणतो. मी तिसऱ्यांदा तीच तपासणी लावायला घेतली तेव्हा त्यांनी मागून येऊन फॉर्म उचलला.

"बेटा, अब्बा क्या करते तेरे?"

"शेती."

"वो तो लिखेली है. मैं पूछरा हूँ, करते क्या?"

मी नळीवर आबांचं नाव लिहायला लागले.

"जनावरांत असतात का? दूध कच्चं पितात? जनावर जनते वक्त हाथ लगाते?"

मग मी सांगितलं. खांद्यापर्यंतचा हात, वार, पोती, वड, सगळं. धारेचं फेसाळ दूध उभ्यानं पिणं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शहरातल्या माणसाला सांगितलं, आणि तेही सांगताना आवाज खाली घेऊन. चाचांनी कपाळावर हात मारला.

"हौली! येडी है क्या? इतनी बड़ी बात, और तू लिखी 'शेती'?" मग त्यांचा आवाज नरम झाला. "माझा सख्खा भाऊ बकऱ्यांच्या बाजारात होता. त्यालाबी असाच ताप. साल भर टायफॉईड, टायफॉईड करते रहे. खुब्यात उतरा, तब समझा. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो. पण तुझे क्या पूछना, तू तो खुद पढ़ी-लिखी."

ते शेवटचं वाक्य मला चपराक मारल्यासारखं लागलं. बरोबर लागलं.

फ्रिजच्या मागच्या कप्प्यात गुलाबी औषधाची एक छोटी बाटली असायची. वर्षातून क्वचित निघायची. डॉक्टरसाहेबांची सही घेऊन चाचांनी ती काढली. पांढऱ्या कार्डावर आबांच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, शेजारी गुलाबी थेंब, काडीनं दोन्ही एकत्र केले आणि कार्ड हलवत राहिले. रोग नसेल तर थेंब सारखा गुलाबी राहतो. आबांचा थेंब बघता बघता फाटला. दूध नासावं तशा गुठळ्या. डॉक्टरसाहेबांनी पुढची तपासणी करून शिक्कामोर्तब केलं. ब्रुसेला. जनावरांचा गाभ पाडणारा रोग. गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, पाण्यातून, कच्च्या दुधातून माणसात येतो. टायफॉईडच्या गोळ्यांनी दबतो, जात नाही.

मी बाहेर बाकड्यावर आबांशेजारी बसले आणि सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ढोराचा रोग? मला?"

"व्हय."

"मी काय ढोर हाय का?"

"आबा, तुम्ही ढोरांचं सगळं अंगावर घेतलं, रोगबी घेतला."

त्यावर ते हसले नाहीत. स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. म्हणाले, "मग या हातानं मी किती गोठ्यांत नेला असंल?"

मी गोळ्यांची चिठ्ठी उलगडली.

दीड महिन्याच्या गोळ्या होत्या, दोन प्रकारच्या, एकही दिवस न चुकवता. मी मायला कॅलेंडरवर फुल्या मारायला लावल्या. बारा दिवसांनी मी गावाला गेले, तर फुल्या बारा आणि गोळ्या आठ दिवसांच्याच संपलेल्या. माय शपथा घ्यायला लागली की मी रोज हातावर ठेवते. आबा मान फिरवून बसले. शेवटी माय चुलीपाशी गेल्यावर पुटपुटले, "बाई, लाल व्हती."

"काय लाल होती?"

"लघवी. कुंकवासारखी. मला वाटलं आतून रगत चाललंय. म्हणून चार दिस तुझ्या मायची पाठ फिरली की गोळ्या परत पाकिटात ठेवल्या."

मी डोक्याला हात लावला. त्या गोळीनं लघवी लालसर होते, हे मला पाठ होतं. टीबीच्या पेशंटनाही तीच गोळी असते, त्यांना मी रोज सांगायचे. बापाला सांगायचं राहिलं, कारण त्या बाबतीत बापाशी बोलायची मला लाज वाटली. पुन्हा तीच लाज, आणि भोगायचं पुन्हा आबांनी. त्या दिवसापासून मी एक ठरवलं: आजाराच्या बाबतीत माझ्या तोंडाला लाज ठेवायची नाही. सगळं विचारायचं, सगळं सांगायचं. डॉक्टरसाहेबांना फोन लावला. त्यांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. या वेळी आबा शहरात माझ्याच खोलीवर राहिले. मी कामावर जाताना गोळी देऊन जायचे आणि जीभ वर करायला लावायचे. "पोलिसात जायला पाह्यजे व्हतं तू," ते म्हणायचे.

पण नुसते आबा बरे होऊन भागणार नव्हतं. बरे होऊन गेले असते आणि पुन्हा त्याच गोठ्यात हात घातला असता. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं गेले, रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खुर्ची पुढं ओढली.

"ताई, मी तुमच्या गावात वर्षभर विचारतेय, कुणाचं जनावर गाभडतं का. सगळे म्हणतात, नाय मॅडम, देवाच्या दयेनं काय नाय. गाभडलेल्या म्हशीला बाजारात कोण विचारणार? म्हणून सगळे लपवतात. आणि माणसांच्या दवाखान्यातून मला आजवर कुणी काही कळवलं नाही. तुम्ही पहिल्या."

"मी मुलगी म्हणून आले," मी म्हटलं.

"मुलगी म्हणून या, टेक्निशियन म्हणून या, पण या. मला गावात खरं माहीत असलेला एक माणूस पाहिजे."

तो माणूस माझ्या खोलीवर जीभ वर करून गोळ्या खात होता. गेल्या कैक वर्षांत गावातलं कोणतं जनावर कधी गाभडलं, कितव्या महिन्यात, कुणाची वार अडकली, हे सगळं आबांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठंच नाही. पण ते सांगायला तयार नव्हते.

"लोकांनी विश्वासानं गोठ्यात घेतलं मला. गोठ्यात बघितलं ते गोठ्यात ठेवायचं, असा माझा कायदा हाय. आता मी सरकारी माणसाला यादी देऊ? उद्या कुणी दारात उभं करंल का?"

"अन् उद्या त्याच गोठ्यात कुणाची सून पोटुशी असंल, तिनं वार उचलली तर?"

"तू मला धाक घालू नको."

"धाक नाय घालत. रिपोर्ट सांगतेय."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. एका खोलीत राहून बोलणं बंद ठेवणं सोपं नसतं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःहून बोलले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दुसऱ्याचं नाय सांगणार. माझं सांगतो."

गोळ्या पुऱ्या झाल्या, ताप गेला, कंबर सुटली. आबा गावाला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दूध संकलन केंद्रावर गेलो. सकाळी अख्खा गाव किटल्या घेऊन तिथंच असतो. मॅडमही आल्या होत्या. आबा ओट्यावर चढले. मला वाटलं, मीच बोलावं, मला आजाराची नीट माहिती आहे. पण त्यांनी मला हातानं मागं सारलं.

"आईका," ते म्हणाले. "माझी मोडशिंगी दोन वर्सामागं गाभडली. सातव्या महिन्यात. मी तुम्हाला सांगितलं, पूर्ण दिवसाचं पारडू मेलेलं झालं. ते खोटं व्हतं. ते मेलेलं मी याच हातानं उचललं, वार याच हातानं काढली अन् वडाला बांधली. तोच रोग माझ्या अंगात शिरला. पोरीनं धरला म्हणून वाचलो. आता माझ्या म्हशीचं रक्त पहिलं घ्या. बाकी ज्याचं त्यानं ठरवा."

मापाड्यानं माप खाली ठेवलं. आमच्या बांधाला बांध असलेले एक काका आहेत, आबांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "म्हंजी, दूध बंद व्हनार काय आमचं?"

मॅडम म्हणाल्या, "दूध उकळलं की काही राहत नाही, काका. डेअरीत तापवतातच. घरी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, एवढंच."

"अन् धारोष्ण?"

"ते बंद."

"मंग पोरं पैलवान कशी व्हनार?"

"ताप घेऊन व्हतात का पैलवान?" आबा म्हणाले. "माझ्याकडं बघ. झालो का?"

तिथं पहिल्यांदा हशा पिकला. हसू ओसरल्यावर काकांनी किटली खाली ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले, "माझी बी गाभडली व्हती. गेल्या साली. आबानंच काढली वार." आबांनी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. लोक स्वतःच बोलायला लागले. एक बोलला की दुसरा, मग मागून एक बाई. मॅडमची वही भरली.

रक्ताचे नमुने शहरातल्याच जनावरांच्या लॅबला गेले. मॅडमनी मला तिथं नेलं तेव्हा मी टेबलाजवळ थबकले. पांढरं कार्ड आणि तोच गुलाबी थेंब. आबांसाठी आमच्या फ्रिजमधून निघाली होती तसलीच बाटली. माणसाला एक, म्हशीला एक असं वेगळं काही नव्हतं. आमच्या मोडशिंगीचा थेंब आबांच्या थेंबासारखाच फाटला. मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिथल्या टेक्निशियननं मला पाणी आणून दिलं. आम्ही दोघं एकच काम करत होतो, पाच मैलांच्या आत, आणि एकमेकांना कधी काही कळवलं नव्हतं.

ज्या जनावरांत रोग निघाला त्यांना वेगळं बांधायचं, विकायचं नाही, वीण वेगळ्या जागी. लहान पारड्यांना, फक्त माद्यांना, लस. तीही मॅडमच टोचणार, हातात मोजे घालून. हे सगळं लोकांनी कुरकुरत का होईना मानलं. अडलं ते वडावर. मॅडमचं म्हणणं, वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, माळावर. झाडावर काही टांगायचं नाही, कारण कुत्री ओढून नेतात, खाली ठिबकतं, आणि तेच पाणी ढोरं पितात.

गावाचं म्हणणं, वार मातीत घातली की दूध मातीत जातं. म्हैस आटते. त्यात बायका जास्त अडल्या. दूध त्यांच्या हातचं, त्यातनंच घर चालतं. मी समजावत बसले. जंतू काय असतो, तो ओलीत किती दिवस जगतो, झाडाला काय कळतं. सगळं बरोबर सांगितलं आणि एकीलाही पटलं नाही. एक मावशी मला म्हणाली, "शिकलीस ते ठीक, पण म्हैस पिळलीस का कधी गेल्या पाच वर्सांत?" पिळली नव्हती.

आबा बाजूला बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "मला एक सांग, म्हशीचे सड कुठं असतात?"

"कुठं म्हंजी? खाली."

"दूध कुठं उतरतं?"

"खालीच की."

"मंग तुम्ही वर काहून टांगायल्या?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मावशी म्हणाली, "आबा, इतकी वर्सं तुमीच टांगीत व्हता की!"

"व्हय. चुकलं माझं. आता खाली देऊ. पर झाड दुधाचंच ठेवू." मग त्यांनी आपला बेत सांगितला. माळावर खड्डा खणायचा, पुरुषभर खोल. वर दगडी झाकण. आणि खड्ड्याच्या कडेला वडाचीच फांदी लावायची, त्याच जुन्या वडाची. म्हणजे वार वडालाच दिली. फक्त आधी फांदीला देत होतो, आता मुळाला देऊ. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान डोलावली. ना शास्त्राला धक्का, ना मावशीला. मी पंधरा मिनिटं व्याख्यान देऊन जे जमवलं नाही ते आबांनी सुपारी खाता खाता जमवलं. डिग्री माझ्याकडं आहे हे खरं, पण त्या दिवशी मी शिकायला बसले होते.

जुन्या वडावरची पोती उतरवायला दोन दिवस लागले. लांब मोजे, तोंडाला फडकं, पोती थेट खड्ड्यात. ग्रामपंचायतीनं ढोरांची पाणी प्यायची जागा ओढ्यावरून हलवून गावाच्या वरच्या अंगाला नळावर नेली. पोत्यांशिवाय तो वड मला ओळखू येईना. न्हाव्याकडून आलेल्या माणसासारखा दिसत होता.

खरी परीक्षा त्यानंतर आली. बांधावरच्या काकांची म्हैस सकाळी व्याली आणि वार पडेना. काका पळत आमच्याकडं आले. आबा उठले, पायात गमबूट घातले, मॅडमनी दिलेले खांद्यापर्यंतचे मोजे चढवले. मी सुट्टीवर होते, मागोमाग गेले. गोठ्यात म्हैस अस्वस्थ, शेपटाखाली वार लोंबलेली. आबांनी हात पुढं केला. मॅडमनी त्यांना फोनवर बजावलं होतं की ओढायची नाही, ओढली की आत जखमा होतात. त्या स्वतः येऊन औषध देतील. पण मॅडमना यायला वेळ होता, काका हात जोडून उभे, आणि आबांना ते काम डोळे मिटून येत होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं काम.

हात म्हशीच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ते नुसती पाठ थोपटत राहिले. "हं माय. थांब. डॉक्टरीण यायलीय."

"आबा, काढ ना," काका म्हणाले. "तुझ्यासारखं कुणाला येतं?"

"येतं म्हणून तर करत नाय," आबा म्हणाले. "बादलीत चुना भिजव तोवर. अन् कुत्रं बाहेर हाकल."

मॅडम आल्या, औषध दिलं, आणि दुपार कलायच्या आत वार आपणहून पडली. आबांनी ती मोजे घातलेल्या हातांनी उचलली, पोत्यात घातली आणि माळाकडं निघाले. मागं काका चुन्याची बादली घेऊन. वडाच्या फांदीला त्या दिवसांत चार पानं फुटली होती. काकांनी पोतं आत गेल्यावर फांदीला हात जोडले. आबांनी मोजे काढून खड्ड्यातच टाकले, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, दोनदा धुतले, नाकाशी नेले. "वास नाय," मला म्हणाले, जरा नवल वाटल्यासारखं.

पुढच्या महिन्यात ते शेवटच्या तपासणीसाठी शहरात आले. कंबर सरळ, चाल पहिल्यासारखी. चाचांनी त्यांना उठून खुर्ची दिली. मी फॉर्म घेतला. वय, गाव, तक्रार: काही नाही. व्यवसायाच्या रकान्यात जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक केलं.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

मी मोठ्यानं वाचलं, बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "शेती. गावातल्या जनावरांची बाळंतपणं."

"करायचो, असं लिव."

"करता. बंद कुठं केलंय?"

चाचांनी चष्मा वर करून फॉर्म बघितला. "अब बराबर है," ते म्हणाले आणि सुई माझ्या हातात दिली. आबांनी बाही वर केली. मी त्यांच्या हाताची शीर शोधली. लगेच सापडली.